युरोपचे खापर कोणाच्या माथी?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या परिसरात राहणाऱ्या आणि एका रजेत किमान पाच देश उरकू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. एकाच देशात बारा दिवस निवांत राहणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांचे प्रश्न वेगळे, आणि सोसायटीत त्यांना द्यावी लागणारी उत्तरेही वेगळी.

सहल स्वतः आखावी की एजंटकडून करून घ्यावी, यावर माणसे खर्चाचे तक्ते मांडत बसतात. मांडू नयेत. प्रश्न एवढाच, की पॅरिसला पाऊस लागला, हॉटेलची लिफ्ट बंद निघाली आणि रात्री जेवायला थंड पाव मिळाला, तर बोलणी कोण खाणार? एजंट असेल तर एजंट. नसेल तर घरात ज्याने लॅपटॉप उघडला तो. एजंटचे कमिशन म्हणजे बोलणी खाण्याचे मानधन, आणि त्या दृष्टीने ते फारच माफक आहे. ही सोय जुनी आहे. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने सहल नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. मुंबईत त्यांचे ऑफिस १८८१ साली आले. ड्यूटी फ्रीच्या रांगेत उभ्या असलेल्या काकांना हा इतिहास सांगू नये.

प्रथम देशांची संख्या ठरवावी. देश नंतर ठरतात. संख्येचे सूत्र सोपे आहे: बी विंगवाल्यांनी केले त्याहून एक जास्त. आकडा कमी पडत असेल तर व्हॅटिकन घ्यावे. संपूर्ण देश ४४ हेक्टरांचा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असे शंभराहून अधिक देश मावतील, पण नॅशनल पार्कला जाऊन आल्याचे कोणी मोजत नाही. त्यानंतर लिक्टनस्टाइन. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जाताना बस वडूझला थांबते, मंडळी स्वच्छतागृहाला जाऊन येतात, एक देश पूर्ण होतो. पासपोर्टवर देशागणिक शिक्के मिळतील अशी आशा मात्र बाळगू नये. शेंगेन देशांच्या आपापसांतल्या सीमांवर एरवीही शिक्का बसत नव्हता, आणि ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमांवरही शिक्क्याच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणे टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तेव्हा फ्रिजवरचे मॅग्नेट हाच पुरावा. देशागणिक एक घ्यावा, व्हॅटिकनचा विसरू नये.

देश ठरवायला बसलेल्या या बैठकीत कोणीतरी म्हणेल, "एवढं जातोच आहोत तर लंडन पण करून घेऊ, सुधामावशीची मुलगी आहे तिथे." इथे सावध व्हावे. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावी करार झाला, त्यातून आज २९ देश एका व्हिसावर फिरता येतात. ब्रिटन त्यांत नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फॉर्म वेगळा, फी वेगळी. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही. हे सासऱ्यांना समजावायला एक रविवार जातो. त्यातून मावशीच्या मुलीला सहलीच्या मध्यावर भेटायचे ठरले, तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायला मल्टिपल एंट्री लागते. म्हणून नातेवाईक नेहमी सहलीच्या एका टोकाला ठेवावेत.

आता व्हिसा. नियम असा, की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिले पाऊल पडेल त्याच्याकडे. उपनगरी व्यवहार याच्या बरोबर उलटा चालतो. आधी कोणत्या देशाची अपॉइंटमेंट मिळते ते बघायचे आणि मग जास्त रात्री तिथे टाकायच्या. स्वित्झर्लंडचे स्वप्न पाहणारी कितीतरी कुटुंबे अशीच दुसऱ्याच एखाद्या देशात चार रात्री काढून आली आहेत आणि आता त्या देशाची तोंडभर स्तुती करतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. यातले पहिले टोक एजंट वापरतात, दुसरे आपण. प्रौढ माणसाची फी ९० युरो, सेवा केंद्राचे शुल्क निराळे, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही.

फाइल जाड असावी. विमा किमान ३०,००० युरोंचा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. स्टेशनबाहेरचा फोटोवाला "शेंगेनचा ना?" असे स्वतःच विचारतो आणि "हसू नका, कान दिसू द्या" म्हणून क्लिक करतो. त्या फोटोत माणूस ज्या चेहऱ्याने येतो, त्या चेहऱ्याच्या माणसाला आपणसुद्धा आपल्या घरात घेतले नसते. कंपनीकडून रजेचे पत्र घ्यावे. त्यासाठी साहेबांना सहल सांगावी लागते आणि साहेब दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेले असतात. बँक स्टेटमेंटमध्ये गेल्याच आठवड्यात सासऱ्यांची मोडलेली एफडी दिसता कामा नये. खात्याला आपली श्रीमंती सवयीची आहे असे दिसावे लागते. आणि कव्हरिंग लेटरमध्ये आपण परत का येणार, हे पटवून द्यायचे असते. इथे मातृभूमीविषयी फार लिहू नये. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा उल्लेख करावा. मुलुंडच्या वन बीएचकेचा हप्ता माणसाला जितक्या खात्रीने परत आणतो तितका दुसरा कोणताही जिव्हाळा आणत नाही.

एजंटचा मार्ग पत्करणाऱ्यांनी त्याच्या ऑफिसात संध्याकाळी सातनंतर जावे. घाटकोपरच्या एमजी रोडवर किंवा मुलुंडच्या पाच रस्त्याला अशी ऑफिसे असतात. काचेचे टेबल, त्यावर वीतभर आयफेल टॉवर, मागे जगाचा नकाशा, नकाशाच्या वर गणपती, आणि ग्रीनलंडच्या आसपास चिकटलेली उदबत्तीची राख. कटिंग येईपर्यंत तो आपल्याला काका म्हणू लागलेला असतो. "काका, टेन्शनच घ्यायचं नाही. जैन पाहिजे तर जैन, महाराज बरोबर असतो." आपण जैन नाही हे सांगितले तरी तो समंजसपणे मान हलवतो.

त्याने दिलेला कागद नीट वाचावा. एखादे ठिकाण आतून बघायचे असेल तर तिथे प्रवेश समाविष्ट असे लिहिलेले असते. नुसता फोटो स्टॉप असेल तर उतरायचे, काढायचे, चढायचे. पॅनोरमिक असेल तर उतरायचेही नाही. खिडकी आपल्या बाजूला आली तर दिसेल, नाही तर शेजारच्याच्या मोबाइलमध्ये. ऑप्शनल म्हणजे ज्याला सगळे जातात आणि ज्याचे पैसे तिकडे युरोत द्यायचे असतात. शिवाय काही गोष्टींची मनाची तयारी आधीच करावी. ब्रसेल्सचा तो जगप्रसिद्ध मॅनेकेन पिस, म्हणजे शू करणारा मुलगा, उंचीने जेमतेम ५५ सेंटिमीटर आहे. तो बघायला बस थांबते, माणसे दहा मिनिटे चालतात, आणि गर्दीत मागच्या रांगेतून एक मराठी आवाज हमखास येतो: "एवढाच?" ही तक्रार टूर मॅनेजरकडे करता येते, आणि करावी, त्याचे पैसे आपण दिले आहेत.

कराचेही सांगून ठेवतो. परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस लागतो. त्याचे दर आणि मर्यादा तेव्हापासून इतक्या वेळा बदलल्या आहेत, की पैसे भरण्याच्या दिवशी सीएला फोन करणे हाच खरा नियम. रिटर्न भरताना ही रक्कम वळती करून घेता येते. विमानाचे तिकीट एकीकडून आणि हॉटेल दुसरीकडून असे सुटे सुटे घेतले तर ते पॅकेज ठरत नाही, त्यामुळे स्वतः सहल आखणारे हा मुद्दा बिल्डिंगच्या जिन्यात फार अभिमानाने मांडतात.

त्यांच्याकडे वळू. घरातल्या ज्या माणसाने हे काम अंगावर घेतले त्याचे पुढले तीन महिने एक्सेलमध्ये जातात. त्याला लूव्र मंगळवारी बंद असते हे कळलेले असते, पण कुटुंब पॅरिसमध्ये नेमके मंगळवारीच मोकळे आहे हे तिकिटे काढून झाल्यावर कळते. व्हॅटिकनची संग्रहालये एरवी रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी, आणि त्या दिवशी सगळी दुनिया तिथे. रेल्वेचा पास घेतला म्हणजे बसायला जागा मिळाली असे नव्हे. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. हे त्याला ठाऊक असते, पण घरच्यांना प्लॅटफॉर्मवर समजते. नकाशात हॉटेल स्टेशनपासून "चालत अकरा मिनिटे" असते. ती अकरा मिनिटे एकट्या, निरोगी, रिकाम्या हाताच्या माणसाची. चार बॅगा, दगडी फरसबंदी, एक सासू आणि एक झोपलेले मूल घेऊन निघाल्यास किती, हे कोणतेही ॲप सांगत नाही. सगळे मागून येतात, कोणी बोलत नाही. हा अबोला एजंटच्या सहलीत फुकट टळतो.

जेवणाबाबत मराठी टूर कंपन्यांनी (केसरी १९८४ची, वीणा वर्ल्ड २०१३ची) आल्प्सच्या पायथ्याशी गरम वरणभाताची सोय लावून प्रश्न मिटवला. स्वतः जाणाऱ्यांना बॅग भरावी लागते. पिठले पावडर, मेतकूट, थालीपिठाची भाजणी निर्धास्त न्यावी. पेढे, खवा, तूप, चीज यांतले काही नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियन आत येऊ देत नाही. बेसनाच्या लाडवातले तूप या कलमाखाली येते का, यावर बोरिवलीत दोन पक्ष आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतात, तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून. केबिनच्या बॅगेत १०० मिलिलिटरहून मोठी लोणच्याची बरणी चालत नाही, मग आत लोणचे दोनच फोडी असले तरी. बॅगेचे वजन घरी करायची पद्धत ठरलेली आहे: आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग बॅग उचलून पुन्हा उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. पहिला आकडा घरच्यांसमोर वाचू नये.

विमानतळ गाठताना अंधेरीकर सगळ्यांत शेवटी निघतात आणि साकीनाक्याला अडकतात. मुलुंडकर लिंक रोडच्या धास्तीने दुपारीच निघून रात्रीच्या विमानासाठी चहा पीत बसतात. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट टी-टूला पोहोचते, पण चार मोठ्या बॅगा घेऊन मेट्रोने जायचे हे ज्याने सुचवले त्याच्या माथी उरलेली सहलही जाते.

अनुभवी कुटुंबांत अलीकडे तिसरा मार्ग रूढ होत आहे, तो इथे प्रथमच लेखी देत आहे. सर्व बुकिंग स्वतः करावे, पण घरी एक एजंट असल्याचे सांगावे. त्याला आडनाव द्यावे, मेहता चालेल. "मेहता म्हणाले" या दोन शब्दांनी लूव्रचा मंगळवारसुद्धा निभावतो. हॉटेलची लिफ्ट बंद निघाली की फोन कानाला लावून बाल्कनीत जावे आणि सासूबाईंना ऐकू येईल इतक्या आवाजात मेहतांना झापावे. हे करताना फोन सायलेंटवर ठेवावा, मधेच वाजला तर पंचाईत. परत आल्यावर मंडळी मेहतांवर खूष असतात. दिवाळीला त्यांच्यासाठी चकली-शंकरपाळ्यांचा डबा भरून दिला जातो. तो ऑफिसात नेऊन संपवावा आणि डबा धुऊन परत आणावा. मावशीच्या मुलीने पुढच्या वर्षीच्या जपानसाठी मेहतांचा नंबर मागितला तर त्यांनी धंदा बंद करून मुलाकडे कॅनडाला गेल्याचे कळवावे.