ठेवला तेव्हा चालू होता

कॅसेट डेक जमवणाऱ्या माणसाला गाण्याची आवड असते, हा एक मोठा गैरसमज आहे. त्याला आवड असते डेकची. गाणं म्हणजे डेक चालू असल्याचा पुरावा. किशोरीताईंचा भूप सुरू झाला की तुम्ही-आम्ही डोळे मिटतो. हा डोळे फाडून मीटरचे काटे बघतो. ताई तार षड्जाला लागल्या की आपल्या तोंडून 'वा!' निघतं. हा म्हणतो, "काटा प्लस तीनला गेला, पण आवाज फाटला का? नाही फाटला. ह्याला म्हणतात डेक!"

ह्या डेकवाल्याचं मूळ शोधायला १९८०च्या दशकात जावं लागतं. तेव्हा मध्यमवर्गीय घरात असायचा तो टू-इन-वन: रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, वर उचलायला दांडा. डेक ही चीज निराळी. त्याला स्वतःचा स्पीकर नाही, अँप्लिफायर नाही. तो फक्त कॅसेट भरणार आणि वाजवणार, बाकीचा लवाजमा तुम्ही आणा. असला लवाजमा दुबईला असलेल्या एखाद्या काकांकडेच दिसे. त्यावर क्रोशाचं झाकण असे आणि 'हात लावायचा नाही' ही ताकीद असे. ती ताकीद ज्यांच्या जिव्हारी लागली, तेच आज डेकवाले आहेत. घराचे हप्ते फिटले, मुलं मार्गी लागली आणि ह्यांनी काकांचं उट्टं काढायला घेतलं. आता ह्यांच्याकडे नऊ डेक आहेत आणि घरातल्या कोणालाही एकाही डेकला हात लावायची परवानगी नाही.

डेकवाल्यांत उच्च-नीच कडक पाळतात. टू-इन-वन खिजगणतीत नाही. दोन कॅसेटांचा डबल डेक त्याहून वाईट, कारण तो डेक असल्याचा आव आणतो. ऑटो-रिव्हर्सचं नाव काढलं की कपाळाला आठी. टेप उलट दिशेने पळाली की हेडशी तिचा कोन बिघडतो आणि वरचे स्वर बोथट होतात, हे तो आपण न विचारता समजावून सांगतो. तीन हेडवाला डेक मात्र खानदानी. एक हेड पुसतं, दुसरं भरतं, तिसरं वाजवतं. त्यामुळे भरलेलं त्याच क्षणी टेपवरून ऐकता येतं. नाकामिचीने १९७३ साली आपल्या १००० मॉडेलमध्ये तीन सुटी हेड बसवली आणि १९८२ साली 'ड्रॅगन' काढला. कॅसेट वाजता वाजता ड्रॅगनचं हेड आपला कोन आपणच दुरुस्त करतं. ह्याच कंपनीच्या आरएक्स-५०५ मध्ये एक बाजू संपली की कॅसेट बाहेर येते, गर्रकन फिरते आणि परत आत जाते. आपण हाताने उलटवतो ती यंत्राने उलटवली, एवढाच प्रकार. पण तो पाहताना डेकवाल्याच्या तोंडावर जो आनंद पसरतो, तो मुलाच्या दहावीच्या निकालालाही पसरला नव्हता, असं त्याची बायको सांगते. ड्रॅगन त्याच्याकडे नाही. कोणाकडे आहे ते त्याला माहीत आहे. त्या माणसाशी त्याचं फारसं पटत नाही.

पाहुणा आला की आधी झाकण दाखवायचं. स्वस्त डेकचं इजेक्ट दाबलं की झाकण थाडकन उघडतं. चांगल्या डेकचं सावकाश उघडतं, कारण आत डॅम्पर असतो. "बघा... थांबा, थांबा, अजून उघडतंय." पाहुणा चहाचा कप हातात धरून ताटकळतो. मग बटणं. "ह्याच्यामागे सोलेनॉईड आहे. ऐका." खट्ट. "ऐकलंत?" आता गाणं लागेल, असं पाहुण्याला वाटतं. "आता स्टॉप ऐका."

शिकारीचे दिवस ठरलेले. बुधवारी आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार, मुंबईला गेला की चोर बाजार. चिपळूणला लग्नाला गेला तरी अक्षता टाकून तो गावात हिंडायला निघतो, कारण आखातात नोकरी करून आलेली माणसं तिकडे पुष्कळ आणि घरांना माळे पुष्कळ. विकणारा कोणीही असो, वाक्य एकच: "साहेब, ठेवला तेव्हा चालू होता." ह्यात खोट काढायला जागा नाही. तीस वर्षांपूर्वी ठेवला तेव्हा डेक चालू होता आणि ठेवणारेही हिंडते-फिरते होते. डेकवाला प्ले दाबतो. मोटर गुरगुरते, कॅसेट जागची हलत नाही. "काही नाही, बेल्ट गेलाय," तो आनंदाने म्हणतो. बिघाड इतक्या खुशीने विकत घेणारं दुसरं गिऱ्हाईक त्या बाजारात नसेल.

खास जपानी घरांसाठी बनलेला डेक १०० व्होल्टवर चालतो. आपल्या भिंतीतून २३० येतात. मागच्या पट्टीवर हे स्पष्ट छापलेलं असतं; पण ती पट्टी वाचायच्या आधीच प्लग लावून मोकळा झालेला एक जण प्रत्येक डेकवाल्याच्या ओळखीत असतो. "आमचा एक मित्र" अशी त्या गोष्टीची सुरुवात असते. ह्याच्या घरातला प्लग काळा का, ते मात्र विचारायचं नाही.

शस्त्रक्रिया रविवारी, जेवणाच्या टेबलावर. जुना रबरी बेल्ट वितळून काकवीसारखा झालेला असतो. फ्लायव्हीलवरून तो खरवडताना नखात जातो, तिथून स्क्रू ड्रायव्हरला, तिथून फ्रिजच्या हँडलला आणि शेवटी वरणाच्या डावाला लागतो. मग इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड, कॅपस्टन आणि पिंच रोलर पुसायचे. टेपवरून झडलेला लोखंडाचा ऑक्साइड लागून इअरबड तपकिरी झाला की तो घरभर नाचवायचा. "बघ, एवढं संगीत हेडवर बसलं होतं!"

"अहो, पण मी पानं कुठे घेऊ?"

ह्या प्रश्नाला नऊ डेकांच्या इतिहासात उत्तर मिळालेलं नाही.

बेल्ट बसला की वेगाची चिंता सुरू. टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक, आणि ती सरकायची सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं टिपायला. एवढ्या चिंचोळ्या पट्टीतून सुरेल गाणं काढायचं तर यंत्र नेटकंच हवं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर अर्ध्या सुराने चढतो. पांढरी एकमध्ये बसलेले बुवा काळी एकमध्ये गायला लागतात. डेकवाल्याला एका टक्क्याचा फरकही झोपू देत नाही. बऱ्याच मोटरांच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून तो बुवांना खाली आणतो. बुवा काय गायले, हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही. "पट्टी बरोबर लागली," एवढं सांगतो.

आणि एकदा डेक ठणठणीत झाला की ह्याचा त्यातला जीव जातो. बिनचूक वाजणारा डेक कपाटावर चढतो आणि टेबलावर नवा रोगी येतो.

"अहो, आधीचे आठ वाजतात ना?"

"वाजतात."

"मग?"

"वाजतात म्हणूनच तर."

ह्याला वेड म्हणा, पण खुळेपणा म्हणू नका. आजकालचा ब्लूटूथ स्पीकर बंद पडला तर उघडायला बहुधा स्क्रूच सापडत नाही, सगळं चिकटवलेलं. फेका आणि दुसरा आणा. डेकचं झाकण चार-सहा स्क्रू काढले की निघतं. आत वायरींचे रंग वेगवेगळे, सर्किटच्या पाटीवर प्रत्येक भागाशेजारी त्याचा नंबर छापलेला. पुढे कधीतरी कोणीतरी हे उघडून बसणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. त्या 'कोणीतरी'च्या जागेवर आपली रीतसर नेमणूक झाली आहे, असं डेकवाल्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे.

सोसायटी त्याला हसते. पण एखाद्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकू दारात येतात. हातात सी-६० कॅसेट, त्यावर निळ्या शाईत 'अण्णा – सत्यनारायण'. घरात वाजवायला काही उरलेलं नाही. डेकवाला आधी कॅसेट उजेडात धरतो. आतली फेल्टची गादी सुटलेली; ती चिमट्याने चिकटवतो. कॅसेट लावतो, तर आवाज दबका, शब्द कळत नाहीत. मग हेडशेजारचा अझिमथचा, म्हणजे हेडच्या कोनाचा, स्क्रू तो केसभर फिरवतो, कान देतो, आणखी केसभर फिरवतो. एकाएकी पडदा सरतो आणि वीस वर्षांपूर्वी गेलेले अण्णा खणखणीत आवाजात विचारतात, "अगं, पळी कुठे ठेवलीस?"

काकू पदर डोळ्यांना लावतात. डेकवाल्याच्या बायकोलाही भरून येतं.

"टू-इन-वनवर भरलीय," डेकवाला म्हणतो. "हेड तिरकं होतं त्याचं."

काकू जरा सावरून पर्स उघडतात. "तुमचे किती झाले?"

"छे हो, पैसे कसले! पण काकू, तो टू-इन-वन... माळ्यावर वगैरे नाही ना पडलेला?"

"आहे की. पण तो ठेवलाच मुळी बंद पडला म्हणून."

इतकं खरं बोलणारं माणूस डेकवाल्याला ह्या धंद्यात पहिल्यांदाच भेटलेलं असतं. टू-इन-वनबद्दलची आपली मतं गुंडाळून ठेवून तो शिडी आणायला पळतो.