पिंट्यानं मोठ्यानं वाचायचं पत्र

लेस्टर, इंग्लंड

तीर्थस्वरूप आईस,


हे पत्र तुला पिंट्याच वाचून दाखवत असणार. थोरल्याला दुकानातून उठवत नाही, वहिनीच्या चष्म्यावर पुन्हा कुणीतरी बसलं असेल, तेव्हा घरात वाचणारा तोच एक उरतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो. पिंट्या, मधली एकही ओळ गाळायची नाही. ठसका लागला तर पाणी पिऊन पुढं वाचायचं.

तर आई, चैत्र यात्रेला येतोय म्हणून कळवल्यावर घरून याद्या आल्या. वहिनीला न चिकटणारा तवा, थोरल्याला गुडघ्याचं मलम. पिंट्यानं मात्र एवढंच मागितलं : 'काका, पेनची बॅटरी आणा. स्वस्तातली, लहान, रोज खिशात राहील आणि कुणाला कळणार नाही अशी.' तुझ्या सुनेला गहिवरूनच आलं. म्हणाली, पोरगं कविता करत असणार, म्हणून लपवतंय.

आई, हे लिहायचं पेन नव्हे, ओढायचं. इकडं त्याला व्हेप म्हणतात. आत तारेचं बारीक वेटोळं असतं, त्याला लागून कापसाची वात, आणि वात भिजलेली निकोटिनच्या अर्कात. बॅटरीनं तार तापली की अर्काची वाफ होते, ती ओढायची. आगपेटी नाही, राख नाही, पण तलफ तीच. (पिंट्या, पाणी पी.)

म्हटलं, मागितलंय तर बघावं तरी. कोपऱ्यावरच्या गुजराती काकांच्या दुकानात गेलो. माझे पिकलेले केस बघून त्यांना वाटलं, गडी सिगारेट सोडायला आलाय. इथलं सरकारच सिगारेट ओढणाऱ्यांना सांगतं की ती सोडून हे घ्या, त्यातल्या त्यात कमी घातक आहे. 2023 साली तर दहा लाख लोकांना हे सामान फुकट द्यायची योजना काढली होती. पण जे काहीच ओढत नाहीत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, हेही तेच सरकार सांगतं, आणि अठरा वर्षांखालच्यांना विकायची मनाई. काकांनी विचारलं, दिवसाला किती ओढता? म्हटलं, मी नाही, पुतण्यासाठी बघतोय. मग तो किती ओढतो? काय सांगणार! म्हटलं, तो देवळाच्या पायऱ्यांवर गुलाल-खोबरं विकतो.

तरी त्यांनी काचेवर माल मांडला. पिंट्या, तुझ्यासाठी नीट विचारून घेतलंय, मोठ्यानं वाच. करंगळीएवढ्या बॅटरीत साधारण 350 मिलिअँपिअर-तास मावतात, जरा जाडसर असेल तर 650. लहान घेतली तर खिशात दिसत नाही, पण ती रोज चार्जिंगला लावावी लागते, आणि आपल्या घरात पलंगामागं एकच प्लग आहे, तोही आजीच्या उशाशी. वरच्या आट्यांना पाचशे दहा म्हणतात. त्या ठरावीक मापाच्या, कुठल्याही कंपनीची अर्काची नळी बसते. अमेरिकेत याच आट्यांवर गांजाच्या तेलाची नळी बसवतात. (आई, गांजा म्हणजे तोच. पिंट्याकडं बघू नकोस, वाचू दे त्याला.) बटण पाच वेळा दाबलं की चालू, पाच वेळा दाबलं की बंद. म्हणजे खिशात चुकून दाबलं जाऊन तापत नाही. व्होल्ट कमी ठेवले तर वाफ मऊ येते, वाढवले की वात करपून घशात जळका वास बसतो. पैसे वाचवायचे असतील तर बाकी कशातही वाचवावेत. बिननावाच्या स्वस्त बॅटरीत जादा चार्जिंग तोडणारं सर्किट असेलच असं नाही, आणि लिथियम भडकलं की पँटीसकट भडकतं. बरी बॅटरी दहा-पंधरा पौंडांना मिळते, म्हणजे आपले हजाराच्या वरच रुपये.

राहिलं 'कुणाला कळणार नाही' हे. वस्तू लपेल रे. पण वाफेला वास आहे, आणि काकांकडं सगळ्यात जास्त खपतो आंब्याचा. ऐन थंडीत यमाईच्या देवळामागून हापूसचा वास यायला लागला तर जोतिबावर कुणाला संशय येणार नाही? केर्लीच्या फाट्यावर कुणी शिंकलं तर डोंगरावर आपल्या घरी काढा चढतो, तिथं हा लपवणार! आणि यात्रेत गुलाल कानात जातो, नाकात जातो, फोनच्या चार्जिंगच्या भोकात जातो, तो त्या पाचशे दहाच्या आट्यांत जाणार नाही होय?

एवढं सगळं ऐकून घेतलं आणि काही न घेता बाहेर पडलो. आपल्याकडं 2019 पासून ही वस्तू बनवायला, विकायला, बाहेरून आणायला कायद्यानंच बंदी आहे. आणताना पहिल्यांदा सापडलं तरी वर्षभरापर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या सुनेनं तिथल्या तिथं हिशेब केला : माल हजाराचा, दंड लाखाचा, आणि यात्रेला हा गुलाल न लावता कोठडीत. इकडंही सगळं मोकळं नाही. एकदा वापरून फेकून द्यायची पेनं 1 जून 2025 पासून बंद केली. त्याआधी आठवड्याला पन्नासेक लाख फेकली जायची आणि कचऱ्याच्या गाड्या पेटायच्या.

आता आई, तुझ्याकडं येतो. पिंट्या, इथून आवाज चढव. तुझ्या कमरेला मिश्रीची डबी असते. स्वस्त आहे, लहान आहे, रोज जवळ असते, आणि तुला वाटतं कुणाला माहीत नाही. साऱ्या वाडी रत्नागिरीला माहीत आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरड्या त्यानंच गेल्या हे दातांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तेव्हा पोराला रागवायचं तर आधी डबी थोरल्याच्या हातात दे आणि मग काय ते बोल. नाहीतर दोघं मिळून गप्प बसा.

पिंट्यासाठी डोक्याला बांधायची टॉर्च घेतलीय. बॅटरी लिथियमचीच, पण विमानातून हातातल्या पिशवीत आणायला कुणाची हरकत नाही. वहिनीचा तवा जड निघाला, तो बॅगेत टाकलाय. सुनेला परतताना दवणा आणि तुझी कांदा-लसूण चटणी हवी आहे, चटणी तुझ्याच हाताची हवी.

उत्तर पिंट्याकडून लिहून घेऊ नकोस. वहिनीचा चष्मा नीट करून घ्या आणि तिला लिहायला सांग.

तुझा,
धाकटा