मसाला दूध आणि श्वांकमायर

सोसायटीच्या सांस्कृतिक समितीवर एक तरी 'अभ्यासू' माणूस लागतो. आमच्याकडे ती जागा मी कोणी न मागता भरून काढली आहे. अभ्यासू म्हणजे, ज्याला महोत्सवातले सिनेमे बघताना झोप येते, पण बाहेर आल्यावर चर्चेत तोच सर्वांत मोठ्याने बोलतो. त्यामुळे कोजागरीला गच्चीवर "पोरांसाठी एखादं कार्टून लावा हो" असा निरोप आल्यावर छोटा भीम लावणं माझ्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. मी यान श्वांकमायरचा 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' लावला.

प्रागच्या या सर्रिअलिस्ट अवलियाचा १९८२ सालचा, जेमतेम बारा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट. बर्लिन महोत्सवात लघुपटांचं गोल्डन बेअर मिळवलेला. हे सगळं मी माइकवरून ऐकवलं. मध्ये 'अस्मितेचं विघटन' वगैरे पेरलं. माझी प्रस्तावना चित्रपटापेक्षा लांबली आणि तेवढ्यात शेगडीवरचं दूध बासुंदीकडे झुकलं.

पहिल्या भागात भाज्या-फळांचं एक डोकं, भांडीकुंडी-हत्यारांचं दुसरं, कागद-पुस्तकांचं तिसरं. ही डोकी एकमेकांना गिळतात, दळतात आणि ओकतात. होता होता सगळ्यांची एकसारखी गुळगुळीत डोकी होतात. "मिक्सर, मिक्सर!" करत पोरं नाचायला लागली. मी अध्यक्षांकडे विजयी नजर टाकली.

दुसऱ्या भागात काय आहे हे मला दुसरा भाग सुरू झाल्यावर आठवलं. टेबलाशी मातीचे स्त्री-पुरुष बसलेले, अंगावर चिंधी नाही. ते एकमेकांना स्पर्श करतात, चुंबन घेतात आणि एकमेकांत अक्षरशः विरघळतात. "पोरांनो, चंद्र बघा चंद्र!" तळमजल्यावरच्या काकू कडाडल्या. सगळ्या माना वर गेल्या, फक्त मोठ्यांच्या तेवढ्या पडद्यावरच राहिल्या. मी लॅपटॉपवर झडप घातली आणि घाईत नेमकं चुंबनावर चित्र थांबवलं. पडदाभर! ते पुन्हा सुरू होईपर्यंत पोरांचा खगोलशास्त्राचा बराच अभ्यास झाला. पुढे त्या जोडप्याच्या मिलनातून मातीचा एक गोळा उरतो. तो दोघांनाही नको असतो. आधी ढकलाढकली, मग तो एकमेकांच्या तोंडावर फेकणं, मग थेट ओरबाडाओरबाडी.

तिसऱ्या भागात दोन म्हाताऱ्या डोक्यांच्या तोंडातून वस्तू निघतात. ब्रश आला की समोरून पेस्ट, पावाला लोणी, बुटाला नाडी, पेन्सिलीला शार्पनर. मग क्रम बिघडतो, बुटावर लोणी फासलं जातं आणि शेवटी दोघं भेगाळून, जिभा लोंबवत धापा टाकतात. माझ्या टिपणात इथे 'संवादाची अस्तित्ववादी कुंठा' असं लिहिलं होतं. मी माइक उचलणार, इतक्यात जन्मात न हसलेले सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ही तर आपली एजीएम!" अख्खी गच्ची हसली. टिपण मी खिशात घातलं.

चेकोस्लोव्हाकियात हा चित्रपट कम्युनिस्ट पक्षाच्या समितीला 'काय करू नये' याचा नमुना म्हणून दाखवला गेला होता. आमच्या समितीनेही पुढच्या बैठकीत तसाच नमुना दाखवला. फक्त नमुना म्हणून मला उभं केलं.

तरी सांगतो, चित्रपट जरूर बघा. कोणी प्रस्तावना करायला उठला तर त्याच्या हातात दुधाचा पेला द्या. आणि घरात पोरंबाळं असतील तर पौर्णिमा बघूनच लावा.