सिस्टिम रिस्टोर साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. सिस्टिम रिस्टोर साहेब,
मु. पो. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन (लपवलेला फोल्डर), सी ड्राइव्ह.

विषय : गेलेला काळ परत मिळणेबाबत.

महोदय,

सर्वप्रथम आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल अभिनंदन. २००० साली विंडोज एमईबरोबर आपण रुजू झालात. ती विंडोज कधीच निवर्तली, मागून आलेल्या एक्सपी आणि व्हिस्टाही गेल्या, आपली खुर्ची मात्र शाबूत आहे. बदली न होता एकाच टेबलावर इतकी वर्षं काढणं आमच्या कोकण भवनाच्या सरकारी कचेऱ्यांतही फार थोड्यांना जमलं असेल. एक्सपीच्या काळात आपण डिस्कची १२ टक्क्यांपर्यंत जागा स्वतःसाठी राखून ठेवत होतात. सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंड योजनेच्या चर्चा ऐकत वाढलेल्या आम्हा नवी मुंबईकरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्धा टक्का आपण सोडलात, हा आपला मोठेपणा.

आता तक्रार. नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्यांसाठी कुणीतरी फुकटातला पीडीएफ कन्व्हर्टर टाकला. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करता करता त्याच्यासोबत एक टूलबार, न मागितलेलं सर्च इंजिन आणि एक ‘पीसी क्लीनर’ घरात शिरले. क्लीनरने आल्या आल्या मशिनमध्ये शेकडो दोष शोधले आणि ते काढायचे पैसे मागितले. शोधलेल्या दोषांत तो स्वतः धरलेला नव्हता.

मशिन कालच्या स्थितीत परत न्यावं म्हणून सेक्रेटरीकाका मोठ्या आशेने आपल्या दारी आले. आपण उत्तर दिलंत, या ड्राइव्हवर एकही रिस्टोर पॉइंट तयार केलेला नाही. नंतर कळलं की विंडोज १० आल्यापासून कित्येक मशिनवर हे पॉइंट बनवणारं ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ मुळातच बंद असतं. म्हणजे कालच्या दिवसात परत जायचा अर्ज कालच्याही आधी द्यायचा, आणि आपलं ऑफिस उघडं आहे का हे विचारायला वेगळा अर्ज! शेवटी वाशीहून एक मुलगा आला. त्याने खुर्ची ओढता ओढताच विचारलं, ‘‘काका, डेटा डी ड्राइव्हला आहे ना? मग फॉरमॅट मारू?’’

पॉइंट असता तरी पुढे काय, हाही प्रश्नच आहे. आपण आमच्या फोटोंना आणि एक्सेलच्या फाइलींना हात लावत नाही, याबद्दल मनापासून आभार. पण ब्राउझरमधलं आगाऊ एक्स्टेन्शन आपण हुसकलंत, तरी सिंक चालू असेल तर लॉगिन होताच ते पुन्हा हजर. आणि एके काळी व्हायरस आपल्याच फोल्डरात मुक्कामाला असायचे. अँटिव्हायरसवाले सांगायचे, आधी सिस्टिम रिस्टोर बंद करा, मग साफसफाई करा. आपली पहिली मदत म्हणजे आपण बाजूला होणं, असा तो काळ.

पण या पत्राचं खरं कारण आहे न्हावा शेवा बंदर. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आमच्या जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्समध्ये पोहोचला. अपडेट म्हणजे घरच्याच दारातून आलेला पाहुणा, त्याला कोण अडवणार? उरणच्या रस्त्याने येणाऱ्या ट्रेलरवाल्यांचा मर्स्कच्या सर्व्हरशी काय संबंध? पण टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं आणि हाताने काम रेटायची वेळ आली. देशातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरात रिस्टोर पॉइंट निघाला तो कागद आणि पेन.

साहेब, त्या दिवशी आपण कुठे होतात? नॉटपेट्याने डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवहीच कुलपात घातली होती, त्यामुळे आपण त्याच डिस्कवर आत अडकला असणार. त्याच्या दीड महिना आधी आलेल्या वॉनाक्राय या व्हायरसने तर आपलं शॅडो कॉपीचं, म्हणजे जुन्या प्रतींचं, दप्तर एका ओळीच्या हुकमाने पुसलं होतं. ज्या घरात चोरी व्हायची त्याच घरात जुनी प्रत ठेवायची, ही आपली कार्यपद्धती त्या चोरांना आमच्याआधी समजली.

मर्स्कने १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. तेही कुणाच्या जिवावर? सगळ्या नेटवर्कची किल्ली ज्यांच्याकडे असते ते डोमेन कंट्रोलर जगभर एकजात पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! तिथलं इंटरनेट इतकं मंद की डेटा पाठवणं शक्य नव्हतं, आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तो हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोहोचली.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. विंडोज बसवतानाच आपणास ड्युटीवर हजर करावे. दप्तराची एक प्रत घराबाहेर ठेवावी. दुसरी मागणी मान्य होण्याची वाट न पाहता काकांनी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आहे. महिन्यातून एकदा जोडायची आणि काढून शेअर सर्टिफिकेटांच्या कपाटात ठेवायची. वायर लावून ठेवायची नाही, हे कपाटाच्या दारावर स्केच पेनने लिहिलं आहे.

कळावे,
आपला,
एक सी ड्राइव्हधारक, नेरुळ

प्रत माहितीसाठी : विभागीय वीज अभियंता. (भारनियमनाची नोंद यापुढे सायबर सुरक्षा या सदराखाली व्हावी, ही विनंती.)