गळतीचे हळदीकुंकू

मेहकरच्या जुन्या जीपगाड्यांत रेडिएटरची गळती हा दोष नसून स्वभाव मानला जातो, आणि कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, संपले की बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतून त्या स्वभावाचे लाड पुरवले जातात. दाबचाचणीत, म्हणजे थंड रेडिएटरमध्ये हातपंपाने हवा भरून काटा उतरतो का हे पाहण्यात, सापडणारी जागा बहुधा सैल क्लिपपाशी किंवा वॉटरपंपाच्या छिद्राखाली वाळलेल्या हिरव्या डागाने आपला पत्ता आधीच सांगत असते. तथापि तो डाग फडक्याने पुसून, वर रेडिएटरमध्ये मूठभर हळद ओतण्यालाच दुरुस्ती म्हणतात. 2022 मध्ये नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग जवळून गेला खरा, परंतु पैनगंगेच्या पुलावरच वाफाळणाऱ्या गाडीस नागपूर तेवढेच दूर राहिले.