वलगणीची वरात

दासगावात पावसाळा दोनदा सुरू होतो. एकदा आंबेतच्या बाजूने ढग चढत येऊन खाडीवर वाकतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा वलगण लागते तेव्हा. गावाच्या लेखी दुसराच खरा. तापलेल्या शेतांवरून पहिलं गढूळ पाणी ओहोळात उतरतं, ओहोळातून सावित्री नदीत जातं, आणि त्याच पाण्याची वाट उलटी धरून मासे शेतांकडे चढू लागतात. रात्री बांधाबांधावर बॅटऱ्या हलतात. कुणाच्या खांद्यावर पाग, कुणाच्या हातात नुसतं घमेलं, पोरं गुडघाभर चिखलात. मुंबईत नोकरीला असलेले अर्धेअधिक गावकरी नेमके याच दिवसांत आजारी पडतात आणि औषधाला गावी येतात. लांबून पाहणाऱ्याला जत्रा वाटावी. असतं मात्र ते लग्न. मासे अंडी घालायला निघालेले असतात आणि आपण ती वरात वाटेतच गाठून पोत्यात भरतो.

माझ्या मावशीचा या वरातीतल्या नवऱ्या मुलींवर फार जीव. मासा हातात घेऊन पोटावरून अंगठा फिरवला की आत गाबोळी आहे की नाही ते तिला कळायचं. “भरलेली आहे गो ही,” असं ती म्हणायची ते थेट पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तशा मायेने, आणि त्याच सुरात, त्याच श्वासात, विळी मागायची. मग आंबोशी घालून कालवण आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळलेली गाबोळी. ती खाताना या एकेका दाण्यामागे केवढी धडपड, केवढी निवडानिवड झाली असेल, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. आला असता तरी मी दुसरा तुकडा मागितलाच असता.

तो विचार फार उशिरा आला, आणि तोही एका व्यावहारिक शंकेतून. वलगणीचं पाणी चहासारखं असतं, वर काळोखी रात्र. अशा पाण्यात नवऱ्याला नवरी सापडते कशी? डोळ्यांचा तिथे काय उपयोग? उत्तर नाकात आहे. माशाला नाक असतं, हेच आपल्याला मुळात पटत नाही. महाडच्या एसटीत मासळीची पाटी चढली की रुमाल नाकाला लावायचा, एवढाच आपला या विषयाशी संबंध. पण बहुतेक माशांच्या मुस्कटावर दोन्ही बाजूंना पुढेमागे दोन-दोन भोकं असतात. पुढच्यातून पाणी आत येतं, मधल्या नाजूक पाकळ्यांवरून सरकतं आणि मागच्यातून निघून जातं. या नाकाचा घशाशी, श्वासाशी काही संबंध नाही. श्वासाचं काम कल्ल्यांकडे. केवळ हुंगण्यासाठी राखून ठेवलेलं असं चोखंदळ नाक अत्तराच्या पेढीवरही मिळायचं नाही.

या नाकाला काय कळतं, हे शोधण्यात कॅनडातले नॉर्मन स्टेसी आणि अमेरिकेतले पीटर सोरेन्सन यांनी उमेदीची कितीतरी वर्षं घालवली. त्यांचा मासा म्हणजे काचेच्या पेटीत फिरणारा सोनमासा, आपल्या रोहू-कटल्याच्याच गोतातला. मादीची अंडी पिकत आली की आदल्या रात्री तिच्या अंगात एक संप्रेरक वाढतं आणि त्यातलं थोडं पाण्यात झिरपतं. किती थोडं? लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असलं तरी नराच्या नाकाला पुरतं. त्याला दिसत काही नाही, पण त्याच्या देहात तयारी सुरू होते. सकाळपर्यंत त्याच्याकडचं रेत वाढलेलं असतं. मग अंडी सुटतात, मादीकडून दुसराच गंध येतो, प्रोस्टाग्लँडिनचा, आणि तो लागला की मात्र नर तिच्या मागे धावत सुटतो. पहिला वास मुहूर्ताचा, दुसरा अक्षतांचा. नराचं नाक बंद केलं तर शेजारून मादी गेली तरी त्याला पत्ता लागत नाही.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की मादीने हा निरोप धाडलेलाच नसतो. ती आपल्या देहातलं वापरून झालेलं पाण्यात सोडते, एवढंच. शेजारच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास यावा आणि आपण ओळखावं की आज जावईबुवा आलेत, तसं हे. फोडणी काही आपल्यासाठी दिलेली नसते. निदान सुरुवातीला तरी या प्रेमकथेत पत्र कुणीच लिहिलेलं नाही, वाचणारे तेवढे फार.

नाकाची ही करामत आणखी पुढे जाते. युरोपातल्या ओढ्यांत स्टिकलबॅक नावाचा बोटभर काटेरी मासा असतो. जर्मनीतल्या प्लोन गावच्या संशोधकांनी दाखवलं, की त्याची मादी नराचा नुसता वास घेऊन त्याच्या रोगप्रतिकारशक्तीची जनुकं आपल्याला पूरक आहेत का ते जोखते. फार सारखा नको, फार वेगळाही नको. आमच्या आजोबांनी गोत्र, नाडी आणि छत्तीस गुणांची पत्रिका हातात घेऊन जे केलं ते ही बाई पंचांगाशिवाय करते, आणि मुलाचा पगारही विचारत नाही.

नरांमध्ये चिलापीचा थाट वेगळा. 1952 साली आफ्रिकेतून भारतात आणलेला हा मासा आता इथल्या तळ्या-धरणांतून आपलाच होऊन बसला आहे. त्यातला दांडगा नर लघवी साठवून ठेवतो आणि प्रतिस्पर्धी समोर आला की मोजून मापून तिच्या चिळकांड्या सोडतो. तिच्यातल्या गंधावरून इतर नरांना कळतं की हा कोण, आणि माद्यांना कळतं की हा किती मोठा. महाडच्या चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक पाहताना मला हल्ली हा मासा आठवतो. फलकावरच्या व्यक्तीबद्दल माझ्या मनात काही नाही, आठवण होते इतकंच.

अहिर माशाची तऱ्हा तर सगळ्यांच्या उलट. तो नदीत वाढतो आणि लग्नाला समुद्रात जातो. त्याची काचेसारखी पारदर्शक पोरं मग खाडीतून वर नदी शोधत येतात. आईबापांनी पत्ता दिलेला नाही, नदी कधी पाहिलेली नाही. 1993 साली इटलीतल्या अभ्यासकांनी युरोपातल्या अहिराच्या अशा पोरांना जिऑस्मिन हुंगायला दिलं आणि ती त्याच्याकडे ओढली गेली. जिऑस्मिन म्हणजे मातीतले जीवाणू बनवतात तो पदार्थ. पहिल्या सरीला जो वास येतो आणि ज्यावर मराठीत आजवर काही हजार कविता झाल्या असतील, तोच. म्हणजे दासगावच्या धक्क्यावर उभा राहून मी डोळे मिटून छाती भरून घेतो त्या क्षणी खाली खारट पाण्यात एखादं अहिराचं पोरही तेच करत असेल, तर आश्चर्य नाही. त्याला निदान तो वास घेऊन कुठे जायचं ते ठाऊक आहे.

माणसाने या सगळ्याला बगल देणारी सोयही काढली. रोहू-कटला तळ्याच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशांना पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून हे लग्न पावसाविना लावून दाखवलं. आज आपल्या ताटातला कटला बहुधा अशाच नोंदणी विवाहातून आलेला असतो. देशाला मासा मिळाला, तक्रार नाही. पण वरात गेली ती गेलीच.

वलगणीच्या माशांना मात्र अजून नाकावरच भरवसा ठेवावा लागतो, आणि पाण्यात आता त्यांच्याखेरीज आमचेही वास मिसळले आहेत. मेक्सिकोतल्या एका ओढ्यातल्या स्वोर्डटेल मादीला स्वच्छ पाण्यात आपल्या जातीचा नर वासावरून बरोबर ओळखता आला. पाण्यात सांडपाण्यामुळे वाढणारं ह्यूमिक आम्ल मिसळलं तेव्हा तिला आपला-परका कळेना. 2006 सालची ही गोष्ट. त्याआधी, 2001 साली, ब्रिटनमध्ये सामन माशाच्या नरांना सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचा किंचित अंश असलेल्या पाण्यात ठेवलं, तर मादीचा तो अक्षतांचा गंध त्यांच्या नाकाला नीट लागेना. सायपरमेथ्रिनची बाटली आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. महाडला रसायनांचे कारखाने आहेत, वरच्या अंगाला शेतं आहेत, गावोगावची गटारं आहेत, आणि सगळ्यांचं उतरतं पाणी शेवटी दासगावावरूनच जातं. मांडवात एवढा धूर झाला की वधूवरांना एकमेकांची तोंडं दिसू नयेत, आणि धूर करणारे आपण आहेर घेऊन पहिल्या रांगेत बसलेले. वर काळ नदीत, वाळण कोंडातल्या महसीरांचं तेवढं बरं आहे. ते देवीचे मासे, त्यांना कुणी पोत्यात भरत नाही, उलट लोक कुरमुरे टाकतात.

हे सगळं मी एकदा खाडीकाठी जाळं सांधत बसलेल्या एका भोई काकांना सांगितलं. भरपूर हातवारे करून सांगितलं. त्यांनी सुई न थांबवता ऐकून घेतलं. नर मादीच्या वासावर येतो यात त्यांना नवल वाटलं नाही. “मादी घावली की मागं चार नर असतातच, त्यात काय,” म्हणाले. सोनमाशाच्या पेट्या, रात्री जागून मोजलेले थेंब, हे मात्र त्यांनी मन लावून ऐकलं. मग सुई जाळ्यात खोचून त्यांनी विचारलं, “आणि येवढं करून त्या सायबांनी शेवटी तो मासा खाल्ला का?”

“नाही हो काका. सोनमासा कोण खातं? तो नुसता बघायचा.”

“मग त्यांना गाबोळीचं काय कळायचं,” काका म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. या मुद्द्यावर मावशीनेही त्यांचीच बाजू घेतली असती.