पाच कायम सभासदांस खानदेशातून सादर

प्रति,
अमेरिकाभाऊ, रशियाअप्पा, चीननाना, ब्रिटनतात्या आणि फ्रान्सअण्णा,
सुरक्षा परिषद, न्यूयॉर्क.



आपण पाचही जण आमच्यापेक्षा पैशानं, पदानं आणि बाँबनं मोठे, म्हणून आधी नमस्कार. ३१ डिसेंबर २०२६ रोजी अंतोनियो गुटेरस यांची मुदत संपते आणि संयुक्त राष्ट्रांना नवा महासचिव लागणार, असं वाचलं. मी यावल तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचा माजी संचालक. चेअरमन कसा 'होतो' ते आयुष्यभर बघत आलो. आपली रीत वाचली आणि जीव हरखला. ही तर आपलीच माणसं, भो!

सनदेच्या कलम ९७ प्रमाणे नेमणूक करायची आमसभेनं, पण शिफारस तुमची. त्यात १९४६ च्या जानेवारीतच ठराव करून ठेवलाय, की परिषदेनं शक्यतो एकच नाव पाठवावं. म्हणजे १९३ देशांनी एका नावातून एक निवडायचं आणि टाळ्या वाजवायच्या. आमच्याकडे याला बिनविरोध म्हणतात. जळगावच्या बाजारपेठेपासून धुळ्याच्या देवपुरातल्या टपरीपर्यंत कुणालाही विचारा, विरोध असतोच. फक्त तो आदल्या रात्री, दार लावून आटोपलेला असतो.

तुमच्या रंगीत चिठ्ठ्यांची युक्ती मात्र आम्हाला सुचली नाही, हे कबूल. चाचणी मतदानात पसंती, नापसंती किंवा मत नाही एवढंच लिहायचं. पण कायम सभासदांच्या चिठ्ठीचा रंग वेगळा, त्यामुळे नापसंती साधी की जीवघेणी ते लगेच कळतं. २ ऑक्टोबर २००६ ला आमचे शशी थरूर त्या रंगात वाहून गेले. पंधरापैकी दहा मतं बाजूनं, तीन विरोधात, आणि त्या तिघांत तुमच्यातला एक. थरूरांनी त्याच दिवशी माघार घेतली. दक्षिण कोरियाच्या बान की-मून यांना चौदा मतं होती. ते तेव्हा परराष्ट्रमंत्री होते, परिषदेतल्या देशांच्या वाऱ्या करून आले होते. तुमच्याकडे उमेदवार सभासदांच्या दारी जातो, आमच्याकडे सभासदांनाच सहलीला नेतात. खर्चाचा विचार केला तर तुमची पद्धत स्वस्त.

तशी आमचीही बाजू थोडी अवघड होती. कायम सभासदांच्या देशातला माणूस महासचिव करायचा नाही, हा तुमचा अलिखित संकेत. आणि दिल्लीला तर कायम सभासदत्व हवंय. एकाच घरातून मालकी आणि दिवाणजीगिरी दोन्ही मागितल्यावर गाव हसणारच.

हट्टाच्या बाबतीत मात्र तुम्हाला तोड नाही. १९८१ मध्ये कुर्ट वाल्डहाइम यांना तिसऱ्यांदा खुर्ची हवी होती. चीननानांनी सोळा वेळा नकार दिला. दुसरीकडे टांझानियाच्या सलीम यांना अमेरिकाभाऊ अडवत बसले. शेवटी दोघंही बाजूला झाले आणि पेरूचे पेरेझ दे क्वेयार आले. १९९६ मध्ये बुत्रोस घाली यांच्या बाजूनं चौदा मतं पडली, विरोधात एक. ते एक मत अमेरिकाभाऊंचं, म्हणून घाली घरी. अशानं खुर्चीपर्यंत कोण पोचतं? ज्याच्याबद्दल आमच्याकडे म्हणतात, "हाऊ मानूस कोनलेच आडवा जात नही." पुढं युद्ध पेटलं की त्यालाच विचारायचं, तू आडवा का गेला नाहीस!

वाटाघाटी आम्हालाही येतात, बरं का. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदासाठी इंग्लंड-वेल्स क्रिकेट मंडळाचे डेव्हिड मॉर्गन आणि आमचे शरद पवार असा पेच पडला, तेव्हा २००७ मध्ये तोडगा निघाला: आधी दोन वर्षं मॉर्गन, मग दोन वर्षं पवार. मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांच्या फॉर्म्युल्यावर पुढं महाराष्ट्रात जे रामायण झालं, ते पाहता हा करार सोन्याचा म्हणायचा. तो पाळला गेला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १९५३ मध्ये रशियाअप्पांनी विजयालक्ष्मी पंडित यांचं नाव पुढं केलं होतं, आठवतं का? त्यांचे यजमान रणजित पंडित मराठी घराण्यातले, म्हणजे त्या आमच्या सूनबाई. त्यांचे भाऊ जवाहरलाल १९३६ मध्ये आमच्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि त्या स्वतः १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९५३ मध्ये परिषदेत अकरा सभासद. बाईंना मतं पडली दोन, विरोधात एक, आणि आठ जण तटस्थ. बाईला विरोध करायला धैर्य लागतं, तटस्थ राहायला लागत नाही. पद गेलं स्वीडनच्या हॅमरशोल्ड यांच्याकडे. बातमी ऐकून त्यांना कुणीतरी एप्रिल फूल करतंय असं वाटलं. त्याच वर्षी आमसभेनं पंडितबाईंना आपलं अध्यक्ष केलं. तिथं तुमचा नकार चालत नव्हता.

त्यानंतर आजवर एकही बाई महासचिव झालेली नाही. १९४६ च्या त्या ठरावात 'नामांकित पुरुषा'ला हे पद स्वीकारता यावं अशा अटी असाव्यात, असं लिहिलंय. तेवढं एक वाक्य तुम्ही इमानानं पाळलंत. २०१६ मध्ये तेरा उमेदवारांत सात बायका होत्या. पाळी पूर्व युरोपची म्हणत होते. बल्गेरियानं तर ऐन रंगात इरिना बोकोव्हा यांचं तिकीट कापून क्रिस्तालिना जॉर्जिएवा यांना दिलं. हे वाचताना क्षणभर वाटलं, मी जळगावातच बसलोय. निवडून आले पोर्तुगालचे गुटेरस. बाई नाही आणि पूर्व युरोपही नाही.

आमच्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, त्याही आधीची नावं गळाल्यावर. शिवराज पाटलांना डाव्यांनी हरकत घेतली, मग ताईंचं नाव निघालं. पण पुढं देशभरच्या आमदार-खासदारांनी मतदान केलं, समोर भैरोसिंह शेखावत उभे होते, आकडे जाहीर झाले. शिवसेना दुसऱ्या आघाडीत असून ताईंच्या बाजूनं गेली, तेही उघड्यावर. तडजोडीतून आलेल्या उमेदवारालाही मतपेटीतून जावं लागलं.

खालच्या पायरीवर तर कायदाच आहे. सरपंचपदाचं आरक्षण तहसीलला सोडतीनं ठरतं. लहान पोरानं चिठ्ठी उचलली की भल्याभल्यांच्या मिशा खाली येतात, कारण अर्धी पदं बायकांची. पतीराज कारभार करतात, हे मान्य. तरी खुर्चीवर नाव बाईचंच लागतं, आणि दुसऱ्या खेपेला पुष्कळजणी पतीला बाहेर बसवतात.

तेव्हा पाचही जणांना विनंती, की फळ्यावर एकदा 'महिला राखीव' लिहा. पाळी कुणाची तेही नियमात लिहा, संकेतात नको. नकार द्यायचाच असेल तर उभं राहून, नाव सांगून, कारणासकट द्या. एवढं जमलं तर उमेदवार कोणत्याही देशाची चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विकास सोसायटीचा एक माजी संचालक,
तालुका यावल, जिल्हा जळगाव